धुतलेलं तळं

आमच्या घराण्यात बी.एस्सी. झालेला पहिला माणूस मी. घराण्यातच काय, कळव्यापासून पुढे खाडीकाठच्या आमच्या चार-पाच गावांत पहिला. हे सांगताना आजही मला संकोच वाटत नाही. आजोबा मिठागरावर खपले, बाबा मिठागरावर खपले, आणि मी ठाण्याच्या एका हायस्कुलात पोरांना रसायनशास्त्र शिकवायला लागलो. सहीपुढे पदवी लिहायची इतकी सवय झाली होती, की एकदा घरी पाठवलेल्या निरोपाच्या चिठ्ठीवरही मी ती लिहिली. घरात ती वाचता येणारं कोणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. टिटवाळ्याच्या पलीकडे, काळू नदीच्या काठी एका गावात मी मुलगी बघायला गेलो. बरोबर बाबा आणि मामा होते. मामांनी माझ्या पदवीचं वर्णन दोनदा केलं. मुलीच्या वडिलांनी दोन्ही वेळा मान डोलावली. मुलीने पाणी आणून दिलं. मी एक घोट घेतला आणि थांबलो. आमच्याकडच्या माणसाला गोडं पाणी पहिल्या घोटात कळतं. मी तांब्या रिकामा केला.

मुलगी तिथेच उभी होती. त्या काळी मुलीने काही विचारायची पद्धत नव्हती, पण तिने विचारलं, "तुमच्याकडं पानी कुठलं?"

"आमचं तळं आहे," मी ऐटीत सांगितलं.

"किती म्हैने पुरतं?"

खोटं बोलायची तयारी केली होती, पण तोंडातून खरं आलं. "पौषापर्यंत."

"मंग?"

"मग डोंगराच्या पलीकडच्या अंगाला झरा आहे. बायका तिथून आणतात."

तिने हिशेब लावल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. चार दिवसांनी तिच्या वडिलांचा निरोप आला. पोरीला मुलगा पसंत आहे, पण चैत्रात तळ्यात प्यायचं पाणी असेल तर लग्न. चैत्रात डोंगर चढून पाणी आणायला ती येणार नाही. आमचा तालेवार मामा भडकला. म्हणाला, "पोरगी हाय का मामलेदार?" बाबा मात्र हसले. म्हणाले, "खरा सवाल इचारलान तिनं. आपल्या घरान कंदी कोनी इचारला नाय."

ते खरंच होतं. गावाला तीन बाजूंनी पाणी होतं आणि पिता येण्यासारखा त्यातला एक थेंब नव्हता. खाडी खारी, विहिरी मचूळ. चौथ्या बाजूला पारसिकचा डोंगर. पावसाळ्यात डोंगरावरून ओहोळ असे धावत सुटायचे की सकाळी पडलेला पाऊस दुपारी खाडीत. डोंगराच्या पायथ्याशी एक जुनं तळं होतं, कोणी खणलं कोणाला ठाऊक नाही. ते भरायचं आणि पौषात तळ दाखवायचं.

आणि आमचं गाव तर पाणी कोंडण्यात पटाईत. भरतीचं पाणी बांधाआड घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवायचं, तळाला मुरू द्यायचं नाही, उन्हात आटवून मीठ काढायचं, हा पिढ्यानपिढ्यांचा उद्योग. पण ही सगळी अक्कल खाऱ्या पाण्यासाठी. पावसाचं पाणी हा मिठाचा वैरी. एक अवकाळी सर आली की महिन्याची मेहनत विरघळते. वैऱ्याला घरात साठवून ठेवायचं, हे कोणाच्या डोक्यात कसं येणार?

माझ्या डोक्यात आलं. कारण मला लग्न करायचं होतं.

मी शाळेतला लहान फळा मागून आणला आणि एका रविवारी देवळाच्या ओट्यावर गाव जमवलं. फळ्यावर डोंगर काढला, ओहोळ काढले, तळं काढलं. ओहोळात ठिकठिकाणी दगडांच्या आडव्या ताली घालायच्या म्हणजे पाणी दमानं येईल, गाळ वर अडेल. आणि तळं तीन हात खोल खणायचं म्हणजे पाणी दुप्पट मावेल. गुणाकार करून दाखवला. गाव फळ्याकडे बघत होतं. बाबा मागे विडी ओढत बसले होते.

"तीन हात खाली काय लागंल?" त्यांनी विचारलं.

"माती."

"कनची माती?"

"बाबा, माती म्हणजे माती."

त्यांनी विडीचा झुरका घेतला. पदवीधर मुलाला चारचौघांत गप्प करायचं त्यांच्या मनात नसावं. त्यांनी तेव्हाच मला गप्प केलं असतं तर एक वर्ष वाचलं असतं.

गावाने हो म्हटलं. त्या काळात श्रमदानाचा शब्द हवेत होता, आणि मिठागराचं काम आटोपल्यावर पावसाळ्याच्या तोंडावर माणसं मोकळीच असायची. आधी ताली घातल्या. तो भाग माझा बरोबर होता, हे मी ठामपणे सांगतो. त्या ताली पुढे कितीतरी वर्षं जागच्या हलल्या नाहीत. मग तळ्याचा काळा बुळबुळीत गाळ उपसला आणि शेतात नेऊन टाकला. खाली पिवळा स्वच्छ मुरूम लागला तेव्हा मला कोण आनंद झाला. तळं घासलेल्या पातेल्यासारखं दिसत होतं. बाबांनी खाली उतरून मूठभर मुरूम उचलला, बोटांतून गाळून टाकला आणि घरी गेले.

तळं आषाढात भरलं आणि दिवाळीला कोरडं झालं. पौष राहिला दूर. तो काळा गाळ हेच तळ्याचं बूड होतं आणि मी ते काढून शेतात पसरलं होतं. त्या वर्षी भात मात्र असा आला की बघत राहावं. शेजारची काकू, जिची जीभ गावात सगळ्यांत तिखट, दारावरून जाताना थांबायची आणि आईला ऐकू जाईल असं म्हणायची, "मास्तरांनी तलं खनलं आनि भात पिकवला. आता शेत खनतील तवा पानी येल."

मी टिटवाळ्याला गेलो आणि मुलीच्या वडिलांना सगळं खरं सांगितलं. ते कितीतरी वेळ सुपारी कातरत राहिले. म्हणाले, भिवंडीकडचं एक स्थळ आलंय, नदीकाठचं. पण पोरगी म्हणते एक वर्ष थांबू. येता चैत्र सोडून त्याच्या पुढच्या चैत्रानंतर मात्र मी थांबणार नाही. आतल्या दाराआड बांगड्या वाजल्या. त्या कशासाठी वाजल्या हे ठरवण्यात माझा परतीचा सगळा प्रवास गेला.

घरी आल्यावर बाबांसमोर बसलो. "बाबा, आता काय करू?"

"मना इचारतंस?"

"तुम्हालाच विचारतोय."

त्यांनी विडी विझवली. "मिठागराचा वाफा आमी कसा बसवतांव, ते तू कंदी बगलास?"

बघितलं नव्हतं. मिठागरावर मी जेवणाचा डबा घेऊन जायचो आणि पुस्तकात डोकं घालून बसायचो. बाबांनी सांगितलं, तळाला चिकण माती पसरायची, भिजवायची, आणि माणसांनी ओळीने पायांनी तुडवायची. सुकत आली की पुन्हा भिजवायची, पुन्हा तुडवायची. टाचेचा खड्डा उमटेनासा झाला की लाकडी थापटण्यांनी थोपटायची. असा वाफा कपभर पाणीसुद्धा खाली जाऊ देत नाही. "येव्हरा मोटा वाफा आमी कंदी केला नाय," ते म्हणाले, "पन वाफाच हाय तो."

मिठागरं त्या वर्षी लवकर आवरून वैशाखात काम सुरू झालं. माती कुठली आणायची याची चर्चाच झाली नाही. सगळ्यांत चिकट, सगळ्यांत खात्रीची माती खाजणातली, खाडीच्या कडेची. बैलगाड्यांनी आणि डोक्यावरच्या पाट्यांनी ती डोंगराच्या पायथ्याशी गेली. आणि भिजवायला पाणी? वैशाखात प्यायला गोडं पाणी नाही, ते चिखलात कोण ओतणार? भरतीच्या वेळी खाडीचं पाणी भरून भरून आणलं. मी उभा राहून पाट्या लावून घेत होतो. हायस्कुलात वर्षातून दोनदा मिठाचा धडा शिकवणारा मी.

पण ते तुडवण्याचे दिवस मी जन्मात विसरणार नाही. सकाळी उन्हं चढायच्या आत पंचवीस-तीस माणसं एका ओळीत, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. बाबा काठावर उभे राहून ताल देत. उजवा, डावा, दाबून, पुढे. आयुष्यात बाबांचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. बायकांची ओळ पुरुषांच्या ओळीपेक्षा सरळ चालायची आणि त्यांचा चिखल आधी बसायचा. मी शाळेला सुट्टी लागल्यावर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ओळीत शिरलो. माझे पाय पुस्तकी. दर चार पावलांनी ताल चुकायचा आणि सगळी ओळ हेलकावायची.

"मास्तर, पाय उचला," मागून काकू. "पान उलटताव तसा."

बायकांनी माझ्यावर गाणी रचली. एक गाणं रोज वाढत जायचं. तल्यान पानी राहीना, मास्तराला बायको मिलंना, अशी त्याची सुरुवात होती, आणि पुढच्या ओळी मी इथे लिहीत नाही. आईसुद्धा त्या गाण्यात आवाज मिळवायची. दुपारी सगळे काठावर बसून भाकरी आणि कांदा खायचे, गुडघ्यापर्यंत राखाडी पाय उन्हात सुकत असायचे. शेवटच्या दिवशी बाबा एकटे तळ्याच्या मधोमध गेले आणि टाच मारली. आवाज घरातल्या सारवलेल्या जमिनीवर मारल्यासारखा आला. ते काठावर आले आणि म्हणाले, "बसला." एवढंच.

बांधात त्यांनी एक उघाडी ठेवली होती. पोकळ केलेला माडाचा ओंडका आणि त्याला लाकडी बूच, मिठागरात असते तशी. मी म्हटलं, पाणी साठवायचंय, सोडायचं कशाला? ते म्हणाले, पाणी कोंडायचं तर सोडायची वाट आधी करायची. सवयच ती.

आषाढात तळं काठोकाठ भरलं. मी काठीवर खुणा करून ती तळ्यात रोवली. पाऊस आठ दिवस थांबला तरी पाणी खुणेवरून हललं नाही. पेढे वाटावेसे वाटत होते. मग एके दिवशी सकाळी काकू दारात आली. हातात वाटी.

"मास्तर, ही आमटी बगा."

मी चाखली. "चांगली झालीय."

"मीठ घातलंच नाय तिच्यान."

मी तसाच तळ्यावर गेलो, ओंजळ भरून पाणी तोंडात घेतलं. खारं. खाडीइतकं नव्हे, पण प्यायचं नाव नको. त्या क्षणी मला माझी पदवी आठवली आणि वाटलं, ती परत करायची सोय असती तर बरं. खाजणातली माती, खाडीचं पाणी, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं होतं. गावात दोनशे माणसं मिठात वाढलेली, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमच्या हाताला मीठ इतकं सवयीचं, की ते दिसतच नव्हतं.

संध्याकाळी पुन्हा देवळाचा ओटा. या वेळी फळा नव्हता. कोणी म्हणालं, गुरांना तरी चालेल. कोणी म्हणालं, धुण्याला तरी होईल, डोंगर चढणं निम्मं वाचलं. एक म्हातारा म्हणाला, मिठागर एक होतं, आता दोन झाली. लोक हसले. मीही हसलो, पण मला चैत्र दिसत होता.

बायका मागे उभ्या होत्या. त्यांच्यातून आई बोलली. माझी आई सभेत कधी बोललेली कोणाला आठवत नव्हतं.

"खारा बांगडा रांधाचा तं काय करताव?"

कोणाला काही कळलं नाही.

"पान्यान टाकताव," आईच म्हणाली. "मंग ता पानी फेकून देताव. दुसऱ्या पान्यान टाकताव. ता बी फेकताव. तिसऱ्या पान्याला बांगडा गोडा होतं. तलं पन धुवा तसा."

ओट्यावर कुजबुज सुरू झाली. भरलेलं तळं फेकून द्यायचं? तिसऱ्यांदा ते भरेल याची हमी कोण देणार? आषाढ अर्धा संपला होता. म्हातारा म्हणाला, "आनि पाऊस नाय पडला तं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या फळ्यामुळे एक वर्ष गेलं होतं, माझ्या डोळ्यांदेखत दुसरं खारट झालं होतं. पण आईचं म्हणणं रसायनशास्त्रात चोख बसत होतं. मी उभा राहिलो आणि सांगितलं, "आई म्हणते ते बरोबर आहे. पाऊस नाही पडला तर दोष माझा." बाबा उठले, मला म्हणाले, "चल," आणि आम्ही दोघांनी जाऊन उघाडीचं बूच काढलं. तळं दोन दिवस खाडीकडे वाहत होतं.

शाळेच्या प्रयोगशाळेत एक औषध असतं. खाऱ्या पाण्यात त्याचे दोन थेंब टाकले की पाणी दुधासारखं पांढरं होतं. मी प्रत्येक खेपेला तळ्याचं पाणी बाटलीत भरून ठाण्याला न्यायचो. पहिलं पाणी दही झालं. दुसऱ्यांदा तळं भरलं, ते ताकासारखं झालं. दुसऱ्यांदा सोडलं. तिसऱ्यांदा भरलं, तेव्हा नळीत जेमतेम धूसर झालं. आई मात्र घरी जिभेवर थेंब ठेवून आधीच सांगायची, आणि दर वेळी आमचं जमायचं. तिसऱ्या पाण्याला ती म्हणाली, "अजून एक." औषधही तेच म्हणत होतं.

श्रावण संपत आला होता. आम्ही तिसऱ्यांदा बूच काढलं. आणि पाऊस गेला.

दहा दिवस कोरडं ऊन. तळ्यात घोट्याएवढं पाणी. लोक माझ्याशी नीट वागत होते, तेच मला सहन होईना. काकूने टोमणे मारायचे सोडून दिले आणि मला खरी भीती वाटली. मी रोज पहाटे शाळेला जाण्याआधी काठीपाशी जाऊन यायचो. बाबा रोज तिथे आधीच असायचे. आम्ही दोघे डोंगराकडे बघायचो.

गणपती बसले त्या दुपारी डोंगराच्या माथ्यावर ढग टेकले. गौरी जेवेपर्यंत पाऊस थांबला नाही. ओहोळ तालींवरून पायऱ्या उतरल्यासारखे आले, दमानं, निवळ. विसर्जनाला आम्ही खाडीवर गेलो आणि येताना सगळं गाव तळ्यावर आलं. पाणी वरच्या खुणेला लागलं होतं. काकूने वाकून ओंजळ भरली, प्याली, पुन्हा भरली, पुन्हा प्याली. मग म्हणाली, "आता आमटीला मीठ लागंल," आणि मी तिच्या पाया पडलो.

गुढीपाडव्यानंतर टिटवाळ्याहून मुलीचे वडील आले, आणि त्यांच्याबरोबर मुलीची आत्या. तपासणीला खरं तर आत्याच आली होती, हे पाच मिनिटांत कळलं. तिने तळ्याला पूर्ण फेरी मारली. पाण्यात बांबू घालून खोली पाहिली. तळ्यावर पाणी भरायला आलेल्या तीन बायकांना बाजूला घेऊन विचारपूस केली. मी शेजारी उभा राहून औषध, नळी, प्रमाण असं काही सांगू लागलो.

"तुमी गप ऱ्हावा," ती म्हणाली. "पानी बोलंल."

ती प्याली. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मग पिशवीतून तांब्याची कळशी काढली, भरली, तोंडाला ओलं फडकं बांधलं. "पोरीनं सांगलंय, घेऊन ये. ती सोता पिऊन बगनार." ती कळशी मांडीवर घेऊन आत्या टिटवाळ्यापर्यंत गाडीत बसली. मी कळव्याच्या स्टेशनवर त्यांना सोडायला गेलो होतो. बी.एस्सी.च्या निकालाचीसुद्धा मी अशी वाट बघितली नव्हती.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. वडील स्वतः आले आणि बाबांना म्हणाले, "कलशी रिकामी झाली. तारीक काढा." आई आत गेली आणि डोळ्यांना पदर लावून बाहेर आली. बाबांनी मला हाक मारली नाही, ते तडक तळ्यावर गेले. मी मागून गेलो तेव्हा ते काठावर बसून पाय पाण्यात सोडून विडी ओढत होते. मला बघून घाईघाईने पाय बाहेर काढले, कारण पिण्याच्या पाण्यात पाय घालायचा नाही हा नियम त्यांनीच केला होता.

वैशाखात लग्न झालं. वैशाखात लग्नघरी पाहुण्यांना मागतील तितकं पाणी वाढलेलं गावाने पहिल्यांदा पाहिलं. बायकांनी ते माझ्यावरचं गाणं नवरीसमोर पूर्ण म्हटलं, जे मी वर लिहिलं नाही तेही. ती मान खाली घालून ऐकत होती आणि तिचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या बहिणीबरोबर हंडा घेऊन तळ्यावर गेली. मी सहज फिरत फिरत तिकडे पोचलो, म्हणजे मुद्दामच. तिने हंडा भरला, बांधाची उतरण चढताना एकदा घसरली, सावरली, वर आली. माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता पाण्याबद्दल काही बोलेल.

"पायऱ्या नायत," ती म्हणाली. "पोटुशी बाई कशी उतरंल हितं?"

दोन वर्षं, तीन धुणी, एक पदवी, आणि हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी म्हटलं, डोंगरावर दगड पुष्कळ आहेत. त्याच दुपारी दगड बघायला निघालो. अर्ध्या वाटेवर मागून बांगड्या वाजल्या. ती बहिणीला घेऊन येत होती. मी जो दगड दाखवला तो तिने पायाने लोटून पाहिला, म्हणाली, "हा फुटंल," आणि पुढे होऊन स्वतः शोधायला लागली.